शब्द हवा आहे : मोशे नम्र, विनम्र, लीन की सौम्य?

ओळंबा :
सलाम मंडळी. अडलंय, म्हणून धागा काढते.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी एक छोटी पुस्तिका मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. विषय असा की पुढारपण करणाऱ्यावर लोक जळतात, पाठीमागे बोलतात, तेव्हा त्याने काय करावं. मुख्य धडा बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या १२व्या अध्यायावरचा. मोशे हा इस्राएल लोकांचा पुढारी. मिर्याम आणि अहरोन, म्हणजे सख्खी भावंडं, मोशेविरुद्ध बोलायला लागतात. निमित्त त्याच्या कूशी बायकोचं. लगेच तिसऱ्या वचनात येतं की मोशे पृथ्वीच्या पाठीवरच्या सगळ्या माणसांपेक्षा नम्र होता.

मी लिहिलं, 'मोशे अत्यंत विनम्र नेता होता.' आमची मुद्रितं एक आजी तपासतात. त्यांनी 'विनम्र'वर शिसपेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'विनम्र दुकानदार असतो. मोशे लीन होता.' मी म्हटलं, आजी, पवित्र शास्त्रातही तिथे 'नम्र' आहे. तर म्हणतात, "नम्र माणसांपुढे, लीन देवापुढे. मोशे त्या दिवशी कुणापुढे उभा होता ते बघ."

हा फरक भाषेत खरंच आहे, की फक्त त्यांच्या घरात? शिवाय मत्तय ११:२९ मध्ये येशू स्वतःला 'मनाचा सौम्य व लीन' म्हणतो, म्हणजे सौम्य आणखी वेगळा. जरा लवकर सांगा, छापखाना मागे लागलाय.

त्र्यंबक नाका :
आजींना दंडवत. 'विनम्र' फ्लेक्सवाल्यांनी संपवला. नाशकात सीबीएसहून शालिमारकडे चालत जा. भाऊंचा चेहरा दहा फुटी, मनगटात कडं, गॉगल तसाच, हात जोडलेले आणि खाली 'विनम्र अभिवादन'. शेजारी 'आपला नम्र' म्हणून पुन्हा तेच भाऊ. त्यात सिंहस्थ तोंडावर, आता तर गोदाकाठ नम्रतेने झाकून जाणार.

मूळ धातू :
शब्द नीट सोडवू. नम्र हा नम् धातूवरून, वाकणे. विनम्र त्याचंच ताणलेलं रूप, त्यात वेगळं काही नाही. खरी गंमत 'विनय'मध्ये आहे. वि + नी. नी म्हणजे नेणे. नेता, नायक, नीती सगळे याच घरातले. अगदी विनायकसुद्धा. विनय म्हणजे आधी वळण, शिस्त, मग नम्रपणा. म्हणजे ज्याला विनय नाही तो नेता व्याकरणातच बसत नाही.

कोपरखळी :
व्याकरणात नसेल बसत. महापालिकेत बसतो.

मूळ धातू :
😀 असो. 'लीन' ली धातूवरून. चिकटणे, विरघळणे. लय, विलीन, तल्लीन ही त्याची भावंडं. हिंदीभाषकाला 'तो लीन आहे' असं सांगितलंत तर तो विचारेल, कशात? नुसत्या 'लीन'चा अर्थ नम्र असा घेणं ही आपली मराठी सवय. माझ्या मते ज्याचा 'मी' विरघळला तो लीन. आजी बरोबर आहेत.

जुनं बाड :
हे कीर्तन झालं, व्युत्पत्ती नाही. 'मी विरघळला' हे तुम्ही घातलंत, धातूत ते नाही.

ओळंबाताई, मूळ हिब्रूकडे या. तिथे शब्द आहे 'आनाव'. त्याचा अगदी जवळचा नातलग 'आनी', म्हणजे गरीब, गांजलेला. मुळात वाकवला गेलेला, दबलेला असा भाव. म्हणजे स्वभावाने गोड बोलणारा नव्हे, तर सोसून वाकलेला. 'नम्र'मध्ये हे सोसणं येत नाही. 'लीन'मध्येही येत नाही. 'दीन'मध्ये येतं, पण दीन नेता म्हटलं की आपल्याला हात पसरलेला माणूस दिसतो.

आणखी एक. पहिल्या वचनात 'बोलली' हे क्रियापद हिब्रूत स्त्रीलिंगी एकवचनी आहे, नावं दोन असूनही. म्हणजे पुढाकार मिर्यामचा, अहरोन मागे मागे. मराठीत 'मिर्याम व अहरोन बोलू लागले' केलं की हे पुसलं जातं.

पंचवटीची मावशी :
म्हणूनच देवाची शिक्षा म्हणून कोड फक्त तिला आणि अहरोन साहेब मोकळे. क्रियापदाचं निमित्त बरं सापडलं.

जुनं बाड :
मावशी, मी न्याय करत नाहीये, व्याकरण सांगतोय. आणि तिला छावणीबाहेर सात दिवस ठेवलं तरी ती परत येईपर्यंत लोकांनी मुक्काम हलवला नाही, हेही त्याच अध्यायात आहे. ज्या बाईने नेत्यावर तोंड सोडलं तिच्यासाठी अख्खी छावणी थांबली. पुस्तिकेत हे यायला हवं.

कोपरखळी :
एक प्रामाणिक शंका. बायबलची पहिली पाच पुस्तकं मोशेनेच लिहिली असं मानतात ना? मग 'मी जगातला सर्वांत नम्र' हे त्याने स्वतःच लिहिलं? हा तर आद्य फ्लेक्स झाला.

जुनं बाड :
शंका जुनी आहे, तुमच्या आधी पुष्कळांना आली. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात हे वचन चक्क कंसात छापलंय, मध्येच कुणी बाजूला वळून सांगावं तसं. मागाहून दुसऱ्या हाताने घातलं असावं असं बरेच अभ्यासक मानतात. पण ते घातलंय कुठे ते पाहा. भावंडं म्हणतात, परमेश्वर काय एकट्या मोशेशीच बोलला? आमच्याशी नाही बोलला? यावर मोशेचं उत्तर यायला हवं. उत्तराच्या जागी हे वचन आहे. मोशे काहीच बोलत नाही.

शरणपूर रोड :
म्हणजे बायको हे नुसतं निमित्त. पोटदुखी दुसरीच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. (गंगापूर रोडच्या सोमेश्वरशी संबंध नाही, कुणी लगेच व्युत्पत्ती काढू नका.)

कूश म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेचा मुलूख, आफ्रिका. यावरून आठवलं. आमचं शरणपूर १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलं, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे राहत, शिकत. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी लिव्हिंगस्टन, त्याचा मृतदेह १८७४ मध्ये लंडनला पोचवायला सोबत गेलेला जेकब वेनराइट याच नाशिकच्या शाळेतला. कूशी बाईवरून नाकं मुरडल्याचा धडा नाशिकच्या संडे स्कूलमध्ये शिकवायचा तर ही गोष्ट सांगितल्याशिवाय कशी चालेल?

शब्दाचं म्हणाल तर 'शरण' बघा. शरणपुरात तो आसरा. 'शरण गेला' म्हटलं की हार. एकच शब्द.

पंचवटीची मावशी :
छान माहिती, पण विषय नम्रचा होता. माझं स्पष्ट मत, 'लीन' हा शब्द आता फक्त बायबलमध्ये आणि भजनात राहिलाय. भाजी घेताना, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, सुनेबद्दल बोलताना कुणी 'लीन' म्हणतं का? संडे स्कूलच्या पोरांना कळेल असं लिहा. 'नमतं घेणारा.' संपलं.

आणि हे काही माझं खूळ नाही. पंडिता रमाबाईंना हिब्रू-ग्रीक येत होतं, तरी बायबल त्यांनी हट्टाने साध्या मराठीत आणलं. १९२४ ला छापून झालं तेव्हा त्या हयात नव्हत्या. संस्कृतचा एवढा अधिकार असलेली बाई साधं लिहा म्हणते आणि आपण इथे धातू कुटतोय.

मूळ धातू :
साधं आणि उथळ यात फरक आहे मावशी.

ओळंबा :
'नमतं घेणारा' मलाही सुचलं होतं, पण तो भांडणातला शब्द आहे. जाऊबाईंशी नमतं घेतलं, शेजाऱ्याशी नमतं घेतलं. बरोबर असूनही कटकट नको म्हणून घेतात ते नमतं. मोशेने तसं केलेलं नाही. गणना १६ मध्ये कोरह आणि त्याचे लोक अंगावर येतात तेव्हा तो आधी पालथा पडतो हे खरं, पण लगेच उठून उद्या धूपाटणी घेऊन या म्हणतो. त्याच बंडातल्या दाथान-अबीरामवर तर भयंकर चिडतो, देवाला सांगतो की मी यांचं एक गाढवही घेतलेलं नाही. पैशाच्या व्यवहाराबद्दल बोट दाखवलं की बोलतो. मोठेपणाबद्दल दाखवलं की गप्प. एल्दाद आणि मेदाद छावणीत संदेश सांगायला लागले तेव्हा त्याचा मदतनीस यहोशवा म्हणतो, यांना थांबवा. मोशे त्यालाच विचारतो, माझ्यासाठी तुला हेवा वाटतो का? परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे झाले तर बरंच की. आता या माणसाला 'नमतं घेणारा' कसं म्हणू?

त्र्यंबक नाका :
खुर्चीला न चिकटलेला. घ्या, ली धातू उलटा फिरवला.

गाथावाचक :
आजींच्या फरकाला तुकोबांची साक्ष काढतो. 'नम्र झाला भूतां । तेणें कोंडिलें अनंता ॥' भूतां, म्हणजे जीवांपुढे. नम्र माणसांपुढे, हे तर इथेच सिद्ध झालं. आणि पुढे 'हेंचि शूरत्वाचें अंग'. नम्रपणा म्हणजे शेळपटपणा नव्हे, शौर्याचाच भाग. तुमच्या धड्याला याहून चांगलं शीर्षक मिळणार नाही.

जुनं बाड :
याच ओळीने आजींचा फरक मोडतो. तुकोबा म्हणतात, माणसांपुढे वाकलास की देव सापडला. देवापुढचा आणि माणसापुढचा असे दोन वेगळे खण त्यांना मान्यच नाहीत.

गाथावाचक :
खण मान्य आहेत म्हणून तर एकातून दुसऱ्यात जाता येतं!

शरणपूर रोड :
संडे स्कूलच्या पुस्तिकेत तुकोबा चालतील का हा वेगळाच वाद व्हायचा. आम्हाला चालतात. रेव्हरंड टिळकच म्हणत, आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आणि लक्ष्मीबाई तर इथल्याच, जलालपूरच्या.

जुनं बाड :
ताई, एक सुचवतो. विशेषण शोधूच नका. त्या अध्यायात मोशेच्या तोंडी एकच वाक्य आहे, हिब्रूत फक्त पाच शब्दांचं. 'एल ना रफा ना लाह.' देवा, विनवतो, बरी कर, विनवतो, हिला. ज्या बहिणीने चारचौघांत पाणउतारा केला तिच्यासाठी. 'तिला धडा मिळाला' नाही, 'मी क्षमा केली' नाही, स्वतःचा उल्लेखच नाही. मधला 'ना' आर्जवाचा, दोनदा आलाय. हे वाक्य तसंच छापा, नम्र-लीनची गरज पडणार नाही.

मूळ धातू :
थांबा थांबा. 'ना' आर्जवाचा? 'दे ना', 'ऐक ना', 'बरी कर ना'! हे तर आपलं मराठी! देवा, ना, बरी कर ना तिला. शब्दाला शब्द बसतोय. कोकण किनाऱ्यावर बेने इस्राएली, म्हणजे आपले मराठी ज्यू, शतकानुशतकं राहिले, तेल गाळत, मराठी बोलत. हा 'ना' त्यांच्याकडून आपल्याकडे आला नसेल कशावरून?

जुनं बाड :
कशावरून म्हणजे, 'ना' हिंदीत आहे, गुजरातीत आहे. 'आला ना?' 'आहे ना?' हा नकाराचा न, प्रश्नातून आर्जवात सरकलेला. दोन भाषांत एक अक्षर सारखं निघालं की नातं लावायचं नसतं.

मूळ धातू :
'आला ना?' मधला ना निराळा, 'ये ना' मधला निराळा. पहिल्यात खात्री करून घेणं आहे, दुसऱ्यात लाडीगोडी. नकारातून लाडीगोडी कशी निघेल ते सांगा.

पंचवटीची मावशी :
आमच्या घरी तर लाडीगोडीला उत्तर म्हणून नकारच निघतो.

ओळंबा :
मंडळी, 'ना' गोड आहे, पण मला शीर्षकाला विशेषण लागतंच आहे. 'मोशे : एक ____ पुढारी.' नम्र ठेवू का लीन? आणि 'पुढारी'वर पण आजींची पेन्सिल फिरणार असं दिसतंय.

त्र्यंबक नाका :
पुढारी तर अजिबात नको! पांढरी टोपी आणि पानाचा डबा दिसतो. 'नेता'ही गेलाच. सरळ 'लीडर' लिहा, पोरं तेच बोलतात.

गाथावाचक :
लीडर? मग पुस्तिका मराठीत करताच कशाला?

कोपरखळी :
चर्चच्या पास्टरला म्हणतात तो 'पाळक' आहे की तयार. शिवाय मोशे आधी सासऱ्याची मेंढरं राखायचाच.

मूळ धातू :
पाळकचं नंतर पाहू. जुनं बाड, तुम्ही 'ये ना'चं उत्तर दिलं नाहीत. कोकणीत आर्जवाला 'गे', 'रे' लावून भागतं, तिथे 'ना' म्हणजे सरळ 'नाही'. मग किनाऱ्यावरून यायचा तर आधी तिथे का नाही, असं तुम्ही म्हणाल. त्याचंही उत्तर माझ्याकडे आहे, पण आत्ता ऑफिसात आहे. रात्री सविस्तर टंकतो, तोवर कुणी हा धागा दुसरीकडे नेऊ नका.

जुनं बाड :
टंका. पण बेने इस्राएली सोडून.