जपानी शाळेतलं क्युशोकु आणि आपली शाकाहारी पोरं

निशीकासाईकर
काल एका आईची पोस्ट वाचली, की टोकियोच्या सरकारी शाळेत तिच्या मुलीला शाकाहारी जेवण देत नाहीत, हा सरळ भेदभाव आहे आणि आपण पालकांनी एकत्र येऊन वेगळी थाळी मागायला हवी. वाचून डोकंच फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. क्युशोकु, म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण, तिथे शिक्षणात धरतात, १९५४ पासून त्याचा स्वतंत्र कायदा आहे, २००५ ला शोकुइकुचा, म्हणजे आहारशिक्षणाचा, आणखी एक आला. पोरं पांढरे एप्रन आणि टोप्या घालून स्वतः वाढतात, शिक्षक त्यांच्यासोबत वर्गातच जेवतात, सगळ्यांच्या ताटात तेच, मंत्र्याचा मुलगा असो की सफाई कामगाराचा. १८८९ ला यामागाताच्या त्सुरुओकात एका देवळातल्या शाळेत गरीब पोरांसाठी हे सुरू झालं, तेव्हाही ताटात भाताचे गोळे, खारवलेला सामन मासा आणि लोणचं होतं. त्यांनी शंभरावर वर्षं घालून उभी केलेली गोष्ट आपण कालपरवा येऊन मोडायला निघालोय, याचा मला मनापासून राग येतो.

ओवीची_आई
ती पोस्ट माझीच. तुमची मुलं मासे खातात ना दादा? मग तुम्हाला काय कळणार. माझी लेक पहिलीत, सुरुवातीला नुसता भात आणि ते २०० मिलीचं दूध एवढ्यावर दिवस काढायची. शिक्षिका प्रेमानेच सांगायच्या, एक घास तरी खाऊन बघ, आणि ही घरी येऊन रडायची की मी वाईट मुलगी आहे का. सगळ्यांना एकच ताट म्हणजे समानता हे ज्याला ते ताट चालतं त्यालाच वाटतं. ॲलर्जीवाल्या मुलांना वेगळं देतातच की!

कावासाकी_काका
ॲलर्जीचं नाव घेतलंत म्हणून सांगतो. २०१२ च्या डिसेंबरात टोकियोच्याच चोफूमध्ये पाचवीतली मुलगी गेली, दुधाची ॲलर्जी, दुसऱ्यांदा वाढताना चीज घातलेलं चिजिमी (कोरियन धिरडं) चुकून तिला दिलं गेलं. त्यानंतर डॉक्टरांचा फॉर्म, वेगळा ट्रे, नावाचं लेबल, दोघा-तिघांनी तपासायचं, सगळं कडक झालंय. एका किचनमध्ये शेकडो ताटं होतात, तिथल्या एइयोशीला (आहारतज्ज्ञाला) तुम्ही म्हणणार की आमच्या आवडीसाठी अजून एक रांग लावा? तिकडे जीवाचा प्रश्न असतो ताई.

ओवीची_आई
आवड? आमच्या घरात पिढ्यानपिढ्या मांस शिजलं नाही, त्याला आवड म्हणता?

सायतामाची_सून
दोघंही मूळ मुद्दा सोडताय. समजा मांस काढलं बाजूला, तरी दाशीचं, म्हणजे बहुतेकदा मासा उकळून केलेल्या पाण्याचं, काय करणार? मिसोशिरुत (मिसोच्या सारात) दाशी, हिजिकीत (समुद्री शेवाळाच्या भाजीत) दाशी, भाज्यांच्या निमोनोत (शिजवलेल्या भाजीत) दाशी, पालकावरसुद्धा वरून कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाचा कीस, भुरभुरलेली. अख्खं क्युशोकु बोनिटोच्या पाण्यावर उभं आहे, शाकाहारी ताट द्यायचं तर सगळंच पहिल्यापासून वेगळं शिजवावं लागेल.

उदोनप्रेमी
दाशी चालते हो. तुकडा दिसत नाही, वास जेमतेम. मी इथे आल्यापासून शाकाहारीच आहे आणि उदोन (दाशीतले जाड नूडल्स) मजेत खातो. एवढं ताणलं तर या देशात जगताच येणार नाही.

सायतामाची_सून
मग शाकाहारी म्हणवून घेऊ नका! माझे आजोबा माळकरी होते, परगावी गेले तर पितळेचा डबा आणि स्वतःचा तांब्या सोबत. मासा उकळलेलं पाणी प्यायचं आणि वर मजेत म्हणायचं, अशा लोकांमुळेच इथले जपानी आम्हाला सांगतात की "तुमचे इंडियन मित्र तर खातात".

उदोनप्रेमी
तुमचे आजोबा सायतामात राहिले नव्हते. माझ्या ताटाचा हिशोब मी देवाला देईन, तुम्हाला नाही.

लेबलवाचक
भांडा, पण आधी पाकीट उलटून वाचा. जपानमध्ये ॲलर्जीच्या यादीत सक्तीचे आहेत अंडं, दूध, गहू, सोबा (बकव्हीट), शेंगदाणा, कोळंबी, खेकडा आणि नंतर आलेला अक्रोड वगैरे. चिकन, बीफ, पोर्क, जिलेटिन फक्त शिफारशीत, आणि बोनिटो तर त्यातही नाही. त्यामुळे ॲलर्जीचा चौकोन बघून निर्धास्त होऊ नका, खालची अख्खी घटकयादी वाचायची. कोन्बिनीतल्या (चोवीस तास दुकानातल्या) कोन्बु ओनिगिरीतही, म्हणजे समुद्री शेवाळ भरलेल्या भाताच्या गोळ्यातही, बऱ्याचदा कात्सुओचा (बोनिटोचा) अर्क असतो. साधे कॉन्सोमे (सूपच्या चवीचे) चिप्स घ्या, त्यातही चिकन नाहीतर बीफ सापडतं.

कोल्हापुरी_इन_ओसाका
दाशी माशाचीच लागते असं कुणी सांगितलं? कोयासान या बौद्ध तीर्थाला देवळात राहून बघा, शोजिन र्योरीत (देवळातल्या शाकाहारी जेवणात) नुसत्या कोन्बु आणि सुकवलेल्या शिताके मशरूमची दाशी असते. मी पक्का मटणवाला, तरी ते जेवण जन्मात विसरणार नाही. म्हणजे जपानला हे जमतं, शतकानुशतकं जमतंय.

कावासाकी_काका
देवळातल्या मुक्कामाचे पैसे बघितलेत का? शाळेचं जेवण त्या हिशोबात बसत नाही.

ओवीची_आई
आपल्याकडे महाराष्ट्रात २०२३ ला शालेय पोषण आहारात अंडं आलं तेव्हा न खाणाऱ्या मुलांना केळं दिलं ना? म्हणजे इच्छा असली की पर्याय देता येतो.

कोल्हापुरी_इन_ओसाका
आणि २०२५ ला सरकारने अंड्याचे पैसेच बंद केले, ते का गाळलंत? ज्या गरीब पोरांना घरी अंडं मिळत नाही त्यांच्या तोंडचं गेलं. तुमच्या पर्यायाची गाडी शेवटी तिथेच जाऊन थांबते, म्हणून मला त्याची भीती वाटते.

ओवीची_आई
मी कुणाच्या तोंडचं काढा म्हटलेलं नाही. माझ्या लेकीच्या ताटात काय असावं एवढंच बोलतेय, त्यात महाराष्ट्राचं राजकारण घुसवू नका.

निशीकासाईकर
विषय कुठून कुठे गेला. ताई, महिन्याची कोंदाते-ह्यो (जेवणाची यादी) येते, त्यात प्रत्येक पदार्थात काय घातलंय ते लिहिलेलं असतं. आमच्या शेजारच्या गुजराती कुटुंबाने ती घेऊन शिक्षिकेशी बसून बोलणी केली, भात, दूध, फळं शाळेची आणि बाकी घरचा डबा. मुलगा वाढायच्या पाळीला असतो, दर शुक्रवारी एप्रन धुवायला घरी आणतो, काही अडलं नाही. डब्याला माझा विरोध कधीच नव्हता. विरोध आहे तो शाळेने आपल्यासाठी वेगळं शिजवावं या मागणीला.

ओवीची_आई
मग हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं, डोकं फिरलं वगैरे नंतर. ठीक आहे, थाळीची मागणी तूर्त बाजूला ठेवते, पण डबा हा शिक्षिकेच्या मर्जीवर नको, वॉर्डाने लेखी नियम करायला हवा. टोकियोच्या या एदोगावा वॉर्डात एवढे भारतीय राहतात. आज एका शाळेत चालतं आणि दोन चौक पलीकडे नाही म्हणतात, हे मला मान्य नाही.

कावासाकी_काका
लेखी नियमाला माझी हरकत नाही. अर्जाचा मसुदा करा, जपानी मी तपासून देतो. फक्त त्यात भेदभाव हा शब्द नको.

सायतामाची_सून
आणि अर्जात दाशीचं स्पष्ट लिहा, नाहीतर डब्याशेजारी मिसोशिरुची वाटी ठेवतील आणि म्हणतील यात मांस नाही.

उदोनप्रेमी
तुमच्या एकटीसाठी वेगळा अर्ज करा. माझ्या मुलाच्या वाटीला हात लावायचा नाही.