यवतेश्वरच्या घाटातून आतषबाजी टिपताना अजिंक्यतारा काळोखात हरवतो

घाटमाथा:
नमस्कार. मी साताऱ्याचा असून गेली सहा वर्षे हौसेने निसर्गचित्रण करतो. माझी बहुतेक छायाचित्रे कासच्या पठारावरची आहेत, त्यामुळे पहाटे घर सोडणे, धुके विरण्याची वाट पाहत तासन्‌तास बसणे याची मला सवय आहे. आतषबाजीने मात्र मला पुरते हरवले.

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी यवतेश्वरच्या घाटातील एका वळणावर ट्रायपॉड लावला. समोर पूर्वेला सगळे शहर आणि उजव्या हाताला अजिंक्यतारा, अशी ती जागा आहे. मला नुसती आतषबाजी नको होती. रोज दिसणारा तो सपाट माथ्याचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी उजळलेले शहर, असे एकच चित्र हवे होते. चांदण्या रात्री निसर्गचित्रे घेताना ठेवतो तसे आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) ४००, अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) एफ/५.६ आणि शटरचा वेळ २० सेकंद ठेवला. घरी येऊन पाहिले तर प्रत्येक बाण फुटलेल्या जागी पांढरा डाग होता, रंग कुठेच नव्हते, किल्ला आकाशात विरघळून गेला होता आणि साडेआठनंतरच्या सर्व चित्रांत शहरावर करड्या धुराची चादर होती. शिवाय, प्रत्येक चित्रानंतर कॅमेरा वीस सेकंद अडकून राहत असे, आणि नेमके त्याच वेळी सर्वांत सुंदर बाण फुटत. माझे कुठे चुकते आहे?

तिपाई:
आपली सवय चांदण्या रात्रीची आहे आणि तीच इथे आड येते. स्थिर दृश्यात शटर जितका वेळ उघडे, तितका प्रकाश साठत जातो. आतषबाजीची ठिणगी मात्र सतत पुढे सरकत असते, त्यामुळे कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरच्या एका बिंदूवर ती क्षणभरच पडते. म्हणून ठिणगीची रेघ किती उजळ यावी हे अ‍ॅपर्चर आणि आयएसओ ठरवतात. शटरचा वेळ केवळ रेघ किती लांब आणि एका चित्रात किती बाण, एवढेच ठरवतो. आयएसओ १०० आणि एफ/११ (एफचा आकडा मोठा तितके छिद्र लहान) ठेवल्यास आपल्या मापापेक्षा सोळापट कमी प्रकाश नोंदला जाईल आणि रंग परत येतील. स्ट्रॉन्शियमचा लाल आणि बेरियमचा हिरवा त्यातल्या त्यात तग धरतात, पण तांब्याच्या क्षारांपासून येणारा निळा मुळातच मंद असतो. अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमची पांढरी आतषबाजी सुरू झाली की मी एफ/१६ पर्यंत जातो.

कॅमेरा अडकण्याचे कारण बहुधा लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (शटर बराच वेळ उघडे राहिल्याने चित्रात येणारे ठिपके काढणारी सोय) हे असावे. ते चालू असले की कॅमेरा प्रत्येक चित्रानंतर तितक्याच वेळाचे एक काळे चित्र घेतो, त्यामुळे अशा रात्री ते बंद ठेवावे. फोकस उजेड असतानाच किल्ल्यावर करून मॅन्युअलवर टाकावा, आणि बल्ब मोडमध्ये (यात शटर आपल्याला हवे तितका वेळ उघडे ठेवता येते) रिमोटने बाण वर निघताना शटर उघडून ठिणग्या विझल्यावर मिटावे. घाटातून जड वाहन गेले की कठड्यालगतची जमीनही थरथरते. अशा वेळी मी शटर उघडतच नाही.

सांजप्रकाश:
वरील मांडणी योग्य आहे, परंतु तिने मूळ प्रश्न सुटत नाही, उलट तो अवघड होतो. एफ/११ वर किल्ला आणखीच काळा येईल. लक्ष्मीपूजन अमावास्येला असल्यामुळे डोंगरावर चंद्राचा प्रकाश नसतो. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, संधिप्रकाश जेमतेम पाऊण तास टिकतो, आणि पूजा आटोपून लोक बाहेर पडेपर्यंत तो सरलेला असतो. त्यातही आपण पूर्वेकडे पाहत आहात. सूर्यास्तानंतर पृथ्वीची सावली त्याच बाजूने वर चढते, म्हणून तिकडचे आकाश पश्चिमेच्या आधी काळवंडते. मी स्वतः सव्वासहाला ट्रायपॉड न हलवता किल्ल्याचे एक चित्र घेऊन ठेवतो आणि नंतरच्या आतषबाजीशी ते जोडतो. चित्र दाखवताना ते जोडलेले आहे असे मात्र आवर्जून सांगावे.

धुराला उपाय नाही. थंडीच्या निवांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि धूर वर न चढता खोलगट भागात साचतो. पहिल्या अर्ध्या तासात मिळेल तेच स्वच्छ.

घाटमाथा:
दोघांचेही मनापासून आभार. जोडचित्राबद्दल माझे मन तयार होत नाही. त्यात काही गैर आहे असे नाही, पण किल्ला आणि बाण एकाच क्षणी एकाच प्रकाशात दिसले असे मला स्वतःला म्हणता यायला हवे. काही वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी फुललेली नसताना दुसऱ्या वर्षीची कारवी मी पठारावर चिकटवणार नाही, तसेच हे.

पहाटवारा:
मग आपण दिवस बदलावा असे सुचवतो. नरक चतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नान झाल्यावर, पुष्कळ घरांतून फटाके उडतात. तेव्हा यवतेश्वरवरून शहराकडे पाहिले तर उजाडते ते थेट समोर. सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, म्हणजे पावणेसहापासून पूर्वेला निळसर उजेड धरू लागतो आणि त्यावर किल्ल्याची कड कोरल्यासारखी उमटते. संध्याकाळी क्षणाक्षणाला प्रकाश हातातून निसटतो, पहाटे तो वाढत जातो, त्यामुळे शटरचा वेळ आठ सेकंदांवरून हळूहळू दोनावर आणत गेले की झाले. तिथी अनुकूल असेल तर चंद्राची बारीक कोरही त्याच बाजूला उगवलेली दिसते. चतुर्दशी आणि अमावास्या एकाच दिवशी आल्या तर मात्र कोरीची आशा धरू नये.

पहाटे आवाजाचे फटाके अधिक आणि बाण कमी असतात हे खरे, पण आपल्याला किल्ल्यासह चित्र हवे आहे, तेव्हा दोन-तीन बाणही पुरतात. माझ्या मते तेच शोभतात. धूर खाली शहरावर थराने पसरलेला असतो आणि उजेड मागून येत असल्याने तो धुक्यासारखा दिसतो. कासच्या धुक्याची सवय असलेल्या माणसाला त्याचे काय करावे हे सांगायला नको. फटाक्यांच्या वेळेबाबत स्थानिक प्रशासनाची त्या वर्षीची सूचना आधी पाहावी, आणि घाटातील गवत तोवर वाळू लागलेले असते, म्हणून आपल्या जागेजवळ कोणी बाण लावत असेल तर त्याला थांबवावे.

घाटमाथा:
सहा वर्षांत मी दिवाळीची पहाट एकदाही घाटात काढली नाही, कारण त्या वेळी मी घरी उटणे लावून बसलेला असतो. या वर्षी आईला विचारून स्नान चारलाच उरकतो आणि पाचला त्याच वळणावर पोहोचतो. ३५ मिलिमीटरच्या लेन्समध्ये शहर आणि किल्ला दोन्ही बसतात का, हे येत्या रविवारी उजेडी जाऊन पाहून येतो.