जिल्ह्यात एचआयव्हीसाठी संस्था-संघटनांची आघाडी कशी उभारावी?

प्रश्न : मराठवाडा_कार्यकर्ती

मी मराठवाड्यातील एका महिला संघटनेत काम करते. आमच्या जिल्ह्यात एचआयव्हीशी संबंध येणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे नेटवर्क आहे, वेश्या व्यवसायातील महिला आणि तृतीयपंथी यांच्यासाठी टीआय (एचआयव्हीचा धोका जास्त असलेल्या समूहांसाठीचे शासकीय प्रतिबंधक) प्रकल्प चालविणाऱ्या संस्था आहेत, ऊसतोड कामगारांची संघटना आहे आणि आमचे बचत गट आहेत. आढावा बैठकीला सगळे येतात, आपापले आकडे सादर करतात आणि निघून जातात. मध्यंतरी एका खासगी रुग्णालयाने रक्ताचा अहवाल पाहून एका गरोदर बाईला बाळंतपणासाठी दाखल करून घेण्यास नकार दिला, तेव्हा मात्र एकाही संस्थेने लेखी तक्रार केली नाही, कारण ते काम आपल्या प्रकल्पात बसत नाही असे प्रत्येकाला वाटले. अशा वेळी एकत्र उभे राहणारी आघाडी हवी, असे आम्हा काही जणींना तीव्रतेने वाटते. तिची नोंदणी करावी का? पुढारपण कोणाकडे असावे? आणि ज्यांना आपले नाव उघड होऊ द्यायचे नाही, त्यांना तिच्यात कसे सामावून घ्यावे?

उत्तर : कृष्णाकाठ

ताई, नोंदणीची घाई करू नका. नोंदणी म्हटली की अध्यक्ष कोण आणि सचिव कोण यावरच बैठका संपतात. शिवाय २०२० साली परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळविता येत नाही, त्यामुळे मोठ्या संस्थेने पैसा आणावा आणि लहान संस्थांनी तिच्या छत्राखाली काम करावे, ही जुनी रीत आता चालणार नाही. ज्या संस्था शासनाच्या करारावर प्रकल्प चालवितात, त्यांना शासनाविरुद्ध सही करणे अवघड जाते, हेही समजून घ्यायला हवे. तक्रारीवर सही करण्यासाठी तुमच्यासारखी प्रकल्पाबाहेरची संघटना म्हणूनच मोलाची आहे.

सांगलीचा अनुभव या बाबतीत मला फार महत्त्वाचा वाटतो. संग्राम संस्थेचे काम १९९२ मध्ये सुरू झाले आणि वेश्यावस्तीतल्या बायकाच एकमेकींना निरोध पोहोचवू लागल्या. त्यातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. पुढे तृतीयपंथी व पुरुषांची मुस्कान आणि ग्रामीण महिलांचा विद्रोही महिला मंच अशा वेगळ्या संघटना झाल्या. सर्वांना एकाच समितीत कोंबण्याऐवजी प्रत्येक समूहाने आपले प्रश्न आधी आपसात बोलून मग इतरांबरोबर बसायचे, हा क्रम मला योग्य वाटतो, कारण ज्या बाईने आपल्या माणसांत कधी तोंड उघडलेले नाही, ती वकील-डॉक्टरांच्या बैठकीत बोलेल अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

आघाडी टिकते ती नेमक्या मागणीवर. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून गिऱ्हाइकाला शिक्षा देण्याचे विधेयक २००६ मध्ये लोकसभेत आले, तेव्हा देशभरातल्या वेश्या व्यवसायातील महिलांच्या संघटना एकत्र आल्या. गिऱ्हाईक पोलिसांच्या भीतीने लपूनछपून येऊ लागले, तर निरोधासाठी अडून बसायला बाईला वावच उरत नाही, हा त्यांचा मुद्दा एचआयव्हीवर काम करणाऱ्यांनी उचलून धरला आणि आरोग्य मंत्रालयानेही त्या तरतुदीवर आक्षेप घेतला. विधेयक मंजूर झाले नाही आणि २००९ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर ते संपले. इतर अनेक बाबतींत या मंडळींचे एकमत नव्हते, पण त्याची गरजही पडली नाही.

उत्तर : वकील_पुणे

गरोदर बाईच्या प्रकरणापुरते सांगतो. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि एचआयव्हीच्या कारणावरून उपचार नाकारणे हा त्यानुसार भेदभाव ठरतो. याच कायद्याखाली नेमलेल्या राज्याच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिच्यावर ३० दिवसांत आदेश व्हावा आणि वैद्यकीय निकड असेल तर शक्यतो २४ तासांत व्हावा, असे कायदा सांगतो. शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे आणि आरोग्य सेवा देणाऱ्या आस्थापनेसाठी ही मर्यादा वीसच आहे. साखर कारखानाही यातून सुटत नाही. तेव्हा जिल्ह्यातील रुग्णालये आणि कारखाने यांना तक्रार अधिकाऱ्याचे नाव विचारणारे पत्र सर्व संघटनांच्या सहीने पाठविणे, हे आघाडीचे पहिले काम होऊ शकेल.

हा कायदाही आघाडीतूनच आला आहे. लॉयर्स कलेक्टिव्ह या वकिलांच्या संस्थेने बाधित समूहांशी सल्लामसलत करून मसुदा तयार केला, तो २००६ मध्ये शासनाकडे गेला आणि संसदेची मंजुरी मिळायला एप्रिल २०१७ उजाडला. औषधोपचार ‘शक्य असेल तेथवर’ पुरवावेत हे शब्द वगळण्यासाठी कार्यकर्त्यांनी जोर लावला, तरी ते कायद्यात राहिले. म्हणून औषधांचा तुटवडा झाला की नुसत्या कायद्याच्या भरवशावर राहता येत नाही, संघटित दबाव लागतोच.

नावाच्या गुप्ततेची चिंता रास्त आहे. तक्रारदाराला टोपणनावाने कार्यवाही चालविण्याची मुभा या कायद्यात आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये एचआयव्हीमुळे काम नाकारल्या गेलेल्या कामगाराच्या बाजूने निकाल दिला, तो खटलासुद्धा नाव झाकूनच चालला होता.

उत्तर : हिरवी_पुस्तिका

मी स्वतः एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांवर आहे, म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो. एक डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, आम्हाला व्यासपीठावर बोलावतात, शाल देतात आणि अनुभव सांगायला लावतात, पण बैठकीचे विषय ठरविताना विचारीत नाहीत. बाधित व्यक्तींचा निर्णयात सहभाग असावा हे तत्त्व १९९४ च्या पॅरिस जाहीरनाम्यात मान्य झालेले आहे, आणि तरी ही स्थिती आहे. विषयपत्रिका नेटवर्कच्या लोकांनी ठरवावी, एका दिवसाची मजुरी बुडणार असेल तर ती आणि एसटीचे भाडे आधी हातात द्यावे, आणि हजेरीच्या वहीत कोणाच्या नावापुढे काहीही लिहू नये. फोटो तर काढूच नयेत. २०२२ मध्ये औषधांच्या तुटवड्याविरुद्ध दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयासमोर महिनाभराहून अधिक काळ धरणे चालले, ते गोळ्यांवर जगणाऱ्या माणसांनीच चालविले.

मराठवाडा_कार्यकर्ती

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पत्राची कल्पना आम्ही नक्की अमलात आणू. मात्र ऊसतोड कामगारांची संघटना कोणत्या प्रश्नावर मनापासून सोबत येईल, हे अजून उमगत नाही.

हिरवी_पुस्तिका

ताई, गोळ्यांवरच येईल. मुकादमाची उचल घेतलेल्या माणसाला दर महिन्याला तोड सोडून गावच्या एआरटी केंद्रावर येता येत नाही. दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रात नाव वर्ग करून घेता येते, पण त्यासाठी तिथेही रजा मागावी लागते आणि रजेचे कारण सांगितले की फडातल्या सगळ्यांना कळते. त्यामुळे काही जण गोळ्या दुसऱ्या औषधाच्या डबीत काढून नेतात आणि संपल्या की तशीच तोड करतात. प्रकृती स्थिर असलेल्यांना निघण्यापूर्वी तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाव्यात, ही मागणी कामगार संघटनेने आपल्या मागणीपत्रात घालावी. त्या पत्रात कोणाचेही नाव लागत नाही. ते दसऱ्याच्या आत जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाकडे पोहोचले पाहिजे, कारण त्यानंतर गाड्या भरू लागतात.