‘निवडक’ चॅनेल म्हणायचं की ‘निवडणारं’?

दहावीपर्यंत मराठी मीडियम आणि पुढं पीयूसीला (अकरावी-बारावी) एकदम इंग्लिश, अशी आमच्या खानापूर-बेळगाव भागातली बरीच मुलं, म्हणून क्लासमध्ये बायोलॉजी मी मराठीतच सांगतो. परवा हृदयाचे ठोके कमी कसे होतात ते सांगताना फळ्यावर ‘निवडक पोटॅशियम चॅनेल’ (पेशीच्या पडद्यातली पोटॅशियमची वाट) लिहिलं आणि एका मुलीनं विचारलं, सर निवडक म्हणजे थोडीच असतात का ती? बरोबर आहे की तिचं. निवडक म्हणजे निवडून काढलेलं, इथं तर चॅनेल स्वतः निवडतंय, सोडियम आकारानं लहान असूनही त्याला आत घेत नाही. आणि कुठलं प्रोटीन कुठलं चॅनेल उघडणार ही निवड आणखी वेगळी. दोन्हीला एकच शब्द लावला की घोळ होतो. तुम्ही काय वापरता?

— पहिल्याला सरळ ‘निवडणारं’ म्हणा. १९९८ ला मॅकिनन या शास्त्रज्ञांनी असल्या चॅनेलची रचना दाखवली, त्यात पोटॅशियम अंगावरचं पाणी सोडून आत शिरतो कारण चॅनेलमधले ऑक्सिजन अणू त्याला पाण्यासारखेच धरतात, सोडियमला ते अंतर बसत नाही. दुसऱ्याला ‘नेमकं’. हृदयाला जाणाऱ्या व्हेगस नर्व्हमधून अ‍ॅसिटिलकोलीन हे निरोप देणारं रसायन आलं की पेशीतल्या जी-प्रोटीनचे भाग सुटे होतात, अल्फा एकीकडं, बीटा-गॅमाची जोडी दुसरीकडं, आणि ही जोडी गर्क (GIRK) नावाच्या पोटॅशियम चॅनेलला आतल्या बाजूनं चिकटून ते उघडते (१९८७ चा शोध), पोटॅशियम बाहेर जातो, ठोका लांबतो. अ‍ॅड्रिनॅलिननं पण बीटा-गॅमा सुटते हो, पण त्यानं गर्क उघडत नाही! याला नेमकेपणाच म्हणायला पाहिजे, निवडक म्हटलं तर ही गंमतच हातातून जाते.

आणि उघडण्याला आमच्या चिकोडीकडं शब्द तयार आहे, ‘दारं मोडणं’. उसाची एक सरी भिजली की खोऱ्यानं माती ओढून तिचं तोंड बंद करायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं. पाटाला कितीबी पाणी असू दे, दारं मोडल्याशिवाय सरीत जात नाही, चॅनेलचं तसंच.

— ‘नेमकं’ आवडलं, उद्यापासून तेच. दारं मोडणं तोंडी सांगायला एक नंबर, पण बेळगाव शहरातली पोरं मोडणं म्हणजे तोडणंच समजतील आणि चॅनेल फुटलं असं पेपरात लिहून येतील, म्हणून वहीत ‘दार उघडणं’. पोटॅशियमला ‘पालाश’ मात्र नको, ते ऐकलं की पोरांना खताचं पोतंच दिसतं.