'पीडिता' नको, मग काय म्हणायचं?

सुरंगी (मालवण): लैंगिक अत्याचारानंतरच्या औषधोपचारांबद्दलचं पत्रक मराठीत करतेय. 'सर्व्हायव्हर'ला, म्हणजे अत्याचारातून वाचलेल्या बाईला, 'पीडिता' लिहिलं होतं. ज्या ताईंना कच्ची प्रत वाचून दाखवली, त्यांनी काजूच्या चिकाने काळं पडलेलं बोट त्या शब्दावर ठेवलं. म्हणाल्या, "ह्या नाव माका नको गे." काय लिहू?

गुहागरकर: 'पीडिता'त चूक काय? शुद्ध शब्द आहे, पोलिसांत, कोर्टात रुळलेला. फार तर 'अत्याचारग्रस्त' लिहा.

वाशिष्ठीकाठची: 'ग्रस्त' म्हणजे गिळलेला, ग्रहणातल्या चंद्रासारखा. 22 जुलै 2021 चा पूर दोन दिवसांत ओसरला, पण आम्ही चिपळूणकर कित्येक महिने 'पूरग्रस्त'च होतो. घर धुऊन झालं तरी नाव निघेना. ते त्या बाईच्या कपाळी नको.

हर्णैचा तांडेल: 'तगलेली' घ्या की. निसर्ग वादळानंतर आमच्याकडे पहिला प्रश्न हाच, होडी तगली का?

गुहागरकर: होडी तगते, माणूस 'सावरतो'. 'सावरलेली' म्हणा. माझ्या मते मूळ 'संवरण', स्वतःला आवरून धरणं.

सिस्टर (रत्नागिरी): गुहागरकर, आमच्याकडे बाई येते तेव्हा ती सावरलेली नसते हो. तिला पाण्याचा पेलासुद्धा धरवत नाही. एचआयव्ही टाळण्याचं औषध 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायचं असतं. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी जितकी लवकर तितकी बरी. उपचार सरकारी काय, खाजगी काय, फुकटच. पोलिसांत तक्रार दिलेली नसली तरी नाकारता येत नाहीत. सुरंगी, हे पहिल्या पानावर ठळक घे. आणि शब्दांचंच म्हणाल, तर मी पूर्वी होते तिथे भर व्हरांड्यात ओरडून विचारायचे, "ती रेप केस कुठाय?" बाकावरची सगळी माणसं वळून बघायची. तिला नाव आहे, तेही हळू आवाजात घ्यावं.

वाशिष्ठीकाठची: 'दोन बोटांची तपासणी' अजून करतात?

सिस्टर: करायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये पुन्हा बजावलंय, करणारा गैरवर्तनाचा दोषी. बाईला शरीरसंबंधांची पूर्वीची सवय आहे का, हे ठरवायला निघालेली ती तपासणी. तिला 'तपासणी' म्हणायलाच माझी जीभ वळत नाही.

सुरंगी: आतला मजकूर सगळा 'तुम्ही'वर आणलाय. "तुमच्यावर अत्याचार झाला असेल तर..." मग नाम लागतच नाही. ताईंना पुन्हा वाचून दाखवला, त्यांनी मान हलवली.

गुहागरकर: आणि शीर्षकात?

हर्णैचा तांडेल: माणूस तगत नाही असं कुणी सांगितलं? माझी आजी तापातून उठली तेव्हा अख्खी वाडी म्हणत होती, म्हातारी तगली.