जुनं ड्रम मशीन घ्यावं, की लॅपटॉपवरच भागवावं?

परळकर
गिटारवर स्वतःची मराठी गाणी घरीच रेकॉर्ड करतो. चाळीतली खोली, त्यामुळे खऱ्या ड्रम्सचा प्रश्नच नाही. दादरला एक जण अलेसिसचं एसआर-१६ विकतोय, ९ हजार म्हणतो. माझ्याकडे लॅपटॉप आणि दोन इनपुटचा इंटरफेस (गिटार-माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) आहे. घेऊ का?

खटपट्या
अजिबात नको. १९९० च्या आसपासचं मॉडेल आहे ते. आत २३३ आवाज, जन्मभर तेच. लॅपटॉपवर ठेका बांधायचं हायड्रोजन फुकट मिळतं, रेकॉर्डिंगचं रीपर ६० दिवस फुकट वापरता येतं. किक, म्हणजे पायाच्या मोठ्या ड्रमचा आवाज, आवडली नाही तर महिन्यानंतरही बदलता येते. मशीनचं स्टिरिओ रेकॉर्ड केलंत की सगळं एकत्र कालवलेलं. शिवाय तुमचे दोन्ही इनपुट तेच खाणार. गिटार कुठे खुपसणार?

ठेकेदार
ठेका आधी, गिटार नंतर! एका दमात वाजवायला हा काय गणपतीतला ऑर्केस्ट्रा आहे? किक आणि स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) पूर्ण डाव्या चॅनलवर टाकायचे, बाकीचे उजव्या. दोन वेगळे ट्रॅक मिळाले.
आणि मशीनवरच्या त्या बोटांनी वाजवायच्या पॅडना हाताचा जोर कळतो. स्नेअर हळू वाजवा, जोरात वाजवा, आवाजाचा पोतही बदलतो. माउसने चौकोन भरत बसणाऱ्यांना त्यातली मजा काय कळणार?

खटपट्या
यूएसबी पॅड घ्या की, जोर त्यांनाही कळतो. उद्या कडवं वाढवायचं झालं तर लॅपटॉपवर कॉपी-पेस्ट. तुमच्या मशीनवर सगळा ठेका परत रेकॉर्ड, आणि तो आधीच्या गिटारशी जुळायला मिडी क्लॉक (लॅपटॉप आणि मशीन एका लयीत ठेवणारा सिग्नल) हवं. दोन इनपुटच्या बऱ्याच इंटरफेसना मिडीचं भोकच नसतं. म्हणजे केबलचा खर्च वेगळा.

ढोलकीप्रेमी
तुमच्या दोघांच्या भांडणात गाणी मराठी आहेत हे राहिलंच. दादरा ६ मात्रांचा. मशीनवर तसा पॅटर्न बांधता येतो, पण हाताने बांधावा लागतो. तयार पॅटर्न बहुतेक रॉक-फंकचे. आणि लावणीच्या अंगाचं काही करणार असाल तर दोन्ही विसरा. ढोलकीच्या खर्जाच्या पुडीवर हात दाबत घुमारा ओढतात, तो एकेक ठोका जोडून येत नाही. वाजवणारा बोलवा. चाळीत मिळेल एखादा.

परळकर
लावणी नाही हो, साधी भावगीतं. पण लॅपटॉप उघडला की ऑफिसच्या मेलमध्ये अडकतो, म्हणून मशीनकडे ओढा आहे.

ठेकेदार
मग घ्याच. फक्त जाताना हेडफोन न्या. प्रत्येक पॅड हळू आणि जोरात वाजवून बघा. एका टिचकीत दोन ठोके आले तर आतलं रबर गेलंय. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होते का, ऐका. आणि अ‍ॅडॉप्टर नीट वाचा: याला ९ व्होल्टचा एसी लागतो. लॅमिंग्टन रोडवर नुसतं "९ व्होल्ट" म्हणालात तर डीसी हातात ठेवतील. अमेरिकेतून आलेला १२० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० वर लावूच नका.

खटपट्या
म्हणजे रबर तपासा, खरखर ऐका, अ‍ॅडॉप्टर शोधा, केबल घ्या. आणि मेलला कंटाळून! वायफाय बंद करा, फुकटात काम होतं. घ्यायचंच असेल तर ५ हजारांवर एक रुपया देऊ नका.

ठेकेदार
५ हजारांत रिकामा खोका मिळेल. मूळ अ‍ॅडॉप्टर असेल तर ७ पर्यंत जा.