वर्षानुवर्षं चालणारी झोपेची गोळी: ज्येष्ठांची बंद करायला हवी का?

मेधा, कोथरूड
बाबा गेल्यावर आईला झोप लागेना. डॉक्टरांनी झोपेसाठी क्लोनाझेपामची 0.5 मिलिग्रामची गोळी दिली, पंधरा दिवसांपुरती. ती आजही चालू आहे. चिठ्ठी तीच, घड्यांवर फाटलेली. दुकानदार ती उलगडतही नाही. वास्तविक ही गोळी चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि या गटातली बरीच औषधं तर 2014 पासून शेड्यूल एच-1 या कडक सरकारी यादीत आहेत: चिठ्ठी हवीच, पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं, रजिस्टर 3 वर्षं जपायचं.
हे औषध शरीरात निम्म्यावर यायलाच 30 ते 40 तास लागतात, म्हणजे आदल्या रात्रीचं पुरतं उतरायच्या आत दुसरी गोळी पोटात. आई पहाटे बाथरूमला जाताना दाराची चौकट धरून उभी राहते, मग पाऊल टाकते. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी या ज्येष्ठांच्या डॉक्टरांच्या संस्थेची बीअर्स यादी, म्हणजे ज्येष्ठांसाठी धोक्याच्या औषधांची यादी, 65 च्या पुढे या गोळ्या टाळाच म्हणते, कारण तोल जातो, खुबा मोडतो, स्मरणशक्तीवर परिणाम होतो. माझ्या मते प्रत्येक घराने डॉक्टरांना विचारायलाच हवं, ही अजून लागते का?

वसुधा, सदाशिव पेठ
मी 76 वर्षांची आहे आणि ही गोळी घेते. मुलं परदेशात. रात्री दोनला छातीत धडधडायला लागलं की कुणाला उठवू? शेजारणीला? झोप झाली की दुसऱ्या दिवशी भाजी आणते, भजनाला जाते. नाही झाली तर दिवसभर डोकं धरून बसते. पडण्याची भीती मलाही आहे. पण वय झालं म्हणून आमच्या गोळ्या मोजायचा अधिकार मुलांकडे जात नाही.

अनिरुद्ध, सिंहगड रोड
औषधांचं दुकान आहे माझं. मेधाताई, सगळा दोष काउंटरवर टाकू नका. चिठ्ठी मागितली की आजोबा चिडतात आणि पलीकडच्या दुकानात जातात. नव्या चिठ्ठीवरही बऱ्याचदा 'कंटिन्यू' एवढंच असतं. आणि कृपा करून हे वाचून कुणी गोळी एकदम थांबवू नका. जुनी सवय असेल तर हात थरथरतात, झोप साफ उडते, फिटही येऊ शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने, डोस थोडा थोडा उतरवत, काही आठवडे किंवा महिने घेऊनच.

मेधा
एकदम बंद करा असं मी म्हणतच नाहीये. आणि वसुधाकाकू, निर्णय तुमचाच, पण माहिती तर पुरती मिळावी! कॅनडात औषध दुकानांमार्फत एक चाचणी झाली, 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. ज्येष्ठांच्याच हातात एक पुस्तिका दिली: गोळीचे धोके, झोपेचे दुसरे उपाय, डोस उतरवण्याचा तक्ता. सहा महिन्यांत 27 टक्क्यांनी गोळी सोडली. पुस्तिका न मिळालेल्यांत हे प्रमाण 5 टक्के होतं. मुलांनी डबे लपवले नव्हते. आईला आजवर हे कुणी समजावूनच सांगितलेलं नाही, मला राग त्याचा आहे.

वसुधा
मलाही नाही सांगितलं कुणी. मराठीत असं काही असेल तर पाठव, वाचून डॉक्टरांशी मीच बोलेन. पण गोळी कमी केल्यावर रात्री दोनला मी काय करायचं, ते आधी सांगा.

अनिरुद्ध
काकू, धडधडीसाठी आधी ईसीजी आणि थायरॉइड तपासून घ्या. घाबरं वाटलं तर मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, 14416. चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. पण छातीत दुखलं किंवा दम लागला तर सरळ 108.